‘किती’ लिहिलं, ‘एफडीआरएच’ उरलं

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांचा पिच्छा कधी सोडला नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून ते सांगत आले की इथे ‘फ्री’चा संबंध पैशाशी नाही, मोकळिकीशी आहे. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा दुसरा शब्द निघाला, त्यामागे हाच गोंधळ टाळणं हे एक कारण होतं. मराठीत ही अडचण नाही. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, हे शाळकरी पोरालाही कळतं. तरीही पुण्यात लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘फुकट आहे ना?’ त्यावर ‘हो’ म्हटलं की लगेच पुढचं, ‘मग काहीतरी गडबड असणार.’ शब्द दोन असले तरी व्यवहारात एकच चालतो.

खरं तर फुकटाचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. असेंबल केलेला पीसी घेतला की ‘विंडोज टाकून मिळेल’ हे वाक्य वॉरंटीसारखं यायचं. ऑफिस टाकून, फोटोशॉप टाकून, मराठी फॉन्टसुद्धा टाकून. पेनड्राइव्हवर एक फोल्डर, त्यात एक ‘क्रॅक’, आणि सोबत सूचना : आधी अँटिव्हायरस बंद करा. दाराची कडी आपणच काढून द्यायची आणि वर त्याला हुशारी म्हणायचं. या हुशारीने खिशाला तोशीस लागली नाही, हे खरं. पण एक अख्खी पिढी एकाच कंपनीच्या मेनूंवर वाढली. सोसायटीच्या जमाखर्चापासून स्थळाच्या बायोडेटापर्यंत सगळं तिने त्याच साच्यात साठवलं. परवाना विकत घेण्याची ऐपत आली तोवर दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. चोरीच्या प्रतींनी त्या कंपनीचं जेवढं भलं केलं तेवढं जाहिरातींनीही केलं नसेल, असं माझं मत आहे.

म्हणून पैशाचा मुद्दा इथेच सोडून देऊ. विचारायचं ते वेगळंच आहे : घरातलं यंत्र निकामी झालं हे ठरवतं कोण, आणि आज लिहिलेला कागद वीस वर्षांनी कोण उघडू शकेल? पहिल्याचं उत्तर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं की एका दुपारीत मिळतं. दुसऱ्याला जास्त वेळ लागतो.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे २०१६ मध्ये घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-५ असलेला, कीबोर्ड आणि स्क्रीन शाबूत असलेला लॅपटॉप एका तारखेनंतर ‘जुना’ ठरला. त्यातलं काहीही बिघडलेलं नव्हतं. कोथरूडपासून हडपसरपर्यंत किती कपाटांच्या वरच्या फळीवर असे लॅपटॉप काळ्या बॅगेत पडून असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्याच घरापासून करावा.

अशा यंत्राची तक्रार एकच असते, ‘स्लो झालाय’. बहुतेक वेळा स्लो झालेली असते ती हार्ड डिस्क, आणि तीसुद्धा मुळातच स्लो होती. मिनिटाला ५४०० फेरे मारणाऱ्या तबकडीला एकेका ठिकाणी पोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. मशीन सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात, आणि प्रत्येक फायलीमागे ही पायपीट. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतं. म्हणून प्रोसेसर तोच ठेवून नुसती डिस्क बदलली तरी माणसाला वाटतं नवीन मशीन आलं.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, किंवा नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलं की एवढं सांगायचं : अडीच इंची साटा एसएसडी, २५६ जीबी. रॅम वाढवायची असेल तर जुनी पट्टी काढून सोबतच न्यावी, तिच्यावरचं लेबल हीच ऑर्डर. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या. लॅपटॉपच्या पट्टीत पहिलीला २०४ पिना आणि दुसरीला २६०, शिवाय खाच वेगळ्या जागी. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही आणि चूक तिथेच कळते. न कळणारी चूक डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात होते. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, पिना सारख्या, खाचही तिथेच. पण पहिली दीड व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वरही. ‘एल’वाली मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी बसवली की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते. मग माणूस समजतो मदरबोर्ड गेला. चार जीबीचे आठ करणं पुरेसं असतं. चार जीबीवर लिनक्स सहज चालतं, पण आजचा ब्राउझर अडखळतो, आणि माणूस तर दिवसभर ब्राउझरमध्येच असतो.

उघडताना आधी मशीन पूर्ण बंद करून चार्जर आणि बॅटरी काढायची. बॅटरी आतली असेल तर मागचं झाकण निघाल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवण्याचं. स्क्रू कागदावर, लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून, ज्या त्या जागी ठेवावेत. हा नीटनेटकेपणाचा सोस नाही. त्या स्क्रूंची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो वर हात टेकतो त्या भागातून डोकं काढतो. झाकणाच्या कडा सोडवायला बाद झालेलं एटीएम कार्ड उत्तम, कारण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्लास्टिकचे आकडे तुटतात. जुनी डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती चौकट फेकायची नाही, नव्या एसएसडीला लावायची. डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि एसएसडी सात, असा फरक निघाला तर मधे पट्टी द्यावी लागते. नाहीतर कनेक्टरवर भार येतो आणि महिन्याभराने मशीन अधूनमधून ‘डिस्क सापडत नाही’ म्हणायला लागतं. रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ ऐकू येईपर्यंत.

जुनी डिस्क काढून बाजूला ठेवण्याचा फायदा सहसा कोणी सांगत नाही. तीच तुमचा बॅकअप आहे. सगळे फोटो, सगळ्या फायली जशाच्या तशा त्यात आहेत. नंतर यूएसबीच्या डबीत घालून लावली की हवं ते उतरवून घ्यायचं. म्हणून इन्स्टॉल करताना ‘सगळी डिस्क पुसून टाका’ या पर्यायाची धास्ती उरत नाही, पुसायला तिथे काही नसतंच. दोन गोष्टी मात्र डिस्क काढण्यापूर्वी, विंडोज चालू असतानाच करायच्या : बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची किल्ली लिहून घ्यायची आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून मशीन शटडाउन करायचं. नाहीतर ती डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्समध्ये नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही.

लिनक्सच्या अनेक जाती आहेत. त्यांतलं कोणतं, यावर वाद घालण्यात लोकांचे शनिवार जातात. घरात एखाद्या काकांनाही वापरायचं असेल तर मिंट घ्यावं. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. उतरवलेली आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलचा अख्खा गठ्ठा, साधारण तीन जीबीची, पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरे. ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर काहीही होत नाही. विंडोजवर रुफस किंवा एचरसारख्या साधनाने ती ‘लिहावी’ लागते. त्याआधी तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल नीट उतरली का हे सांगणारी चौसष्ट अक्षरांची ओळ, संकेतस्थळावरच्या ओळीशी ताडून पाहावी. या दोन मिनिटांच्या कामाचा सगळे कंटाळा करतात, आणि मग अर्धवट उतरलेल्या फायलीवर इन्स्टॉल सत्तर टक्क्यांवर अडकलं की शिव्या लिनक्सला बसतात.

पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की लगेच इन्स्टॉलचं बटण दाबू नये. आधी तसंच वापरून पाहावं : वायफाय जोडून, आवाज ऐकून, कॅमेरा उघडून, उजेड कमीजास्त करून, झाकण मिटून पुन्हा उघडून. यातलं जे इथे चालत नाही ते बसवल्यावरही आपोआप चालणार नाही. ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं अशी अडतात. त्यांचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा असतो आणि इंटरनेटसाठी तर वायफाय हवं. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून त्याचं टेदरिंग सुरू करायचं आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ आहे का पाहावं, ती ‘एएचसीआय’ केली की डिस्क हजर होते.

आता जिथे लिनक्स चालत नाही ते. लिनक्सवाले हे सांगायला लाजतात, म्हणून त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. टॅली लिनक्ससाठी बनतच नाही. डिजिटल सहीचा डोंगल काही सरकारी संकेतस्थळांवर विंडोजशिवाय ओळखला जात नाही. मॅक्रो, म्हणजे आत छोटे प्रोग्रॅम, भरलेल्या एक्सेल फायली लिबरऑफिस या मुक्त ऑफिस संचात उघडतात, पण बटणं दाबली की बऱ्याचदा गप्प बसतात. प्रिंटरांचं तर विचारू नका. कॅनन एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर झेरॉक्सच्या किती दुकानांत दिसतो. तो ‘कॅप्ट’ नावाच्या खास भाषेत बोलतो आणि लिनक्सवर ती बोलवून घेणं कटकटीचं काम आहे. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलेलं पाहून घ्यावा, तो सहसा कुठल्याही ड्रायव्हरशिवाय चालतो. सीएच्या ऑफिसात, करसल्लागाराच्या टेबलावर विंडोजचं एक मशीन राहणारच. ते राहू द्यावं, परवाना विकत घेऊन. सगळ्या घराने एकाच दिवशी धर्म बदलावा असा हट्ट धरणारे लोक मला अडाण्यांपेक्षा जास्त नुकसान करताना दिसतात.

हिंजवडीतली किंवा खराडीतली आयटीवाली मंडळी दिवसभर ज्या सर्व्हरांवर काम करतात त्यांतले बहुतेक लिनक्सवर चालतात. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक बनवला. तेव्हा महासंगणकाची प्रत्येक जात आपापली भाषा बोलायची. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज काहीच नाही. हिशेबाने पाहिलं तर या शहराचा केवढा तरी पगार मुक्त सॉफ्टवेअरवर निघतो. परतफेड किती होते, हा अवघड प्रश्न.

कारण हे सगळं उभं कशावर आहे ते पाहिलं की छातीत धस्स होतं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने वैतागून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा आपला तुकडा मागे घेतला. अकरा ओळींचा तुकडा, काम काय, तर मजकुराच्या डावीकडे जागा भरणं. तेवढ्याने जगभरच्या प्रकल्पांची बांधणी थांबली. मार्च २०२४ मधली गोष्ट याहून वाईट. ‘एक्सझेड’ ही फायली दाबून लहान करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड), जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली, आणि सांभाळणारा मुख्यतः एक थकलेला माणूस. टोपणनावाने आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग आवृत्ती ५.६.० मध्ये चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दूरच्या मशीनवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. ‘कोड उघडा असतो म्हणून सुरक्षित असतो’ हे वाक्य त्या दिवसानंतर जपून वापरावं. उघडा असला म्हणजे कोणी वाचतोच असं नाही. त्यातून चोरदरवाजाचे भाग चाचणीच्या फायलींत दडवलेले होते, आणि ते जोडणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती. पण उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे जाता आलं, हेही तितकंच खरं.

परतफेड म्हणजे लगेच कोड लिहायला हवा असं नाही. चूक नीट नोंदवणं हीसुद्धा परतफेडच आहे. पुण्यात चूक दाखवणारा माणूस शोधावा लागत नाही, नोंदवणारा मात्र दुर्मीळ. ‘चालत नाही’ ही तक्रार झाली, नोंद नव्हे. नोंदीत आवृत्तीचा क्रमांक लागतो, मग काय केलं त्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. शक्यतो चूक दाखवणारी छोटीशी फाइल सोबत. आपल्या भाषेत तर कामाचे ढीग पडले आहेत. मराठी स्पेलचेकच घ्या. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स शब्द तपासायला हन्स्पेल वापरतात. तो मुळात हंगेरियनसाठी बनला, कारण त्या भाषेतही शब्दाला शेपट्या जोडत जातात. म्हणजे मराठीला तो चांगलाच मानवायला हवा. पण ‘घोडा’चं आधी ‘घोड्या’ होतं आणि मग त्याला ‘ला’, ‘वरून’, ‘सकट’, ‘सुद्धा’ लागतात. हे सामान्यरूपाचे नियम कोणीतरी एकेका शब्दगटासाठी बसून भरावे लागतात. ते अपुरे आहेत म्हणून ‘पुण्याहूनसुद्धा’सारख्या साध्या शब्दाखाली लाल रेघ उमटते. हे काम प्रोग्रॅमरचं कमी आणि व्याकरण येणाऱ्याचं जास्त. अशी माणसं या गावात तरी कमी पडू नयेत.

आणि आता तो वीस वर्षांनी उघडायचा कागद.

नारायण, सदाशिव, शनिवार पेठांतल्या डीटीपीच्या टेबलांवर १९९० नंतर जे मराठी टाइप झालं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, स्मरणिका, कुलवृत्तान्त, त्याचा मोठा भाग संगणकाच्या दृष्टीने मराठी नाहीच. तेव्हाच्या फॉन्टमध्ये २५६ खण असत आणि ते रोमन अक्षरांसाठी आखलेले होते. आपल्या लोकांनी त्याच खणांत देवनागरीचे आकार भरले. संगणकाला वाटतं ‘डी’ लिहिलाय, फॉन्ट त्या जागी ‘क’ काढतो. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘किती’ हा शब्द असा साठतो : एफ, डी, आर, एच. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, डी म्हणजे क, आर म्हणजे त, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. खणांची जागा टाइपरायटरच्या कळांप्रमाणे, म्हणून टायपिंगच्या क्लासात बोटं घडवलेल्यांना ते लगेच जमलं. कागदावर उमटलं की ते चोख ‘किती’. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की समोर रोमन अक्षरांचा कचरा. कितीतरी जणांनी ‘व्हायरस लागला’ समजून अशा फायली पुसून टाकल्या असतील.

त्या काळात ही युक्ती बिनतोड होती, हे मान्य करायलाच हवं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारं प्रमाण. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, भारतीय लिप्यांसाठीचं आपलं इस्की प्रमाणही १९९१ चं, पण देवनागरी जोडाक्षरं स्वतः जुळवणारं विंडोज यायला २००० साल उजाडलं. पेजमेकर या पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरला तर युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. छपाई अडून बसू शकत नव्हती. दोष युक्तीचा नाही, गरज संपल्यावरही तिथेच राहण्याचा आहे. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे खण वेगळे. कृतिदेव वेगळा, श्रीलिपी वेगळी, डीव्हीबी वेगळा, शिवाजी वेगळा. म्हणजे तुमच्या आजोबांच्या आठवणी तुमच्याच कपाटात, आणि कुलपाची रचना दुसऱ्याच्या वहीत.

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा आहेत आणि ‘क’ हा जगात कुठेही ‘क’च असतो. फॉन्ट बदलला तर वळण बदलतं, मजकूर नाही. फॉन्टही आता मोकळे आहेत. रेड हॅटने काढलेला लोहित २०११ पासून मुक्त फॉन्ट परवान्यावर आहे (लोहित म्हणजे तांबडा, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी), शिवाय मुक्ता आहे, नोटो आहे. अक्षरं जोडण्याचं काम करते हार्फबझ नावाची छोटी मुक्त लायब्ररी. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं, फारसीतून घेतलेलं नाव. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे तीच. अँड्रॉइड फोनवर आलेल्या प्रत्येक ‘क्ष’ला तिच्या हाताखालून जावं लागतं. स्क्रायबस हे मुक्त डीटीपी सॉफ्टवेअरही २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट मांडतं. म्हणजे छपाईसाठी जुना फॉन्टच हवा, ही सबबही आता फारशी उरली नाही.

टायपिंगची सबब तर कधीच नव्हती. इन्स्क्रिप्ट या प्रमाण कीबोर्ड मांडणीत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘पुणे’ म्हणजे एच, जी, शिफ्टसह सी, एस. चार वेळा बोट टेकलं की झालं, आणि पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलं की कीबोर्डकडे बघावं लागत नाही. ज्यांना ते नकोच त्यांच्यासाठी लिनक्सच्या आयबस या टायपिंगच्या साधनात एम१७एन हा मांडण्यांचा संच जोडला की उच्चाराप्रमाणे लिहिण्याच्या पद्धतीही मिळतात. फक्त निवड एकदाच करावी. दोन पद्धतींच्या मधे लोंबकळणाऱ्याचा वेग कधी वाढत नाही.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना मूळ फाइल कधीही हलवू नये, काम प्रतीवर करावं. लिबरऑफिसमध्ये ती प्रत उघडून मजकुरात कर्सर ठेवला की वर फॉन्टचं नाव दिसतं. कन्व्हर्टर त्याच नावाचा हवा, ‘जवळपास तोच’ चालत नाही. मधे खरंच इंग्रजी असलेले शब्द आधी बाजूला काढावेत, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करतो आणि ‘डीके’चं ‘का’ होऊन बसतं. तारखांवर खास लक्ष ठेवावं. कृतिदेवमध्ये ‘ध’ची सुरुवातच तिरप्या रेघेने होते, त्यामुळे १५/८ मधली रेघ ‘ध्’ होऊन येऊ शकते.

खरी परीक्षा वेलांटी आणि रफार यांची. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठतो, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’मध्ये वेलांटी दिसते सगळ्यात आधी, पण साठवायची ‘स्थ’ या अख्ख्या जोडाक्षरानंतर. आळशी कन्व्हर्टर ती पुढच्या एकाच अक्षरामागे सरकवतो आणि ‘स्’, वेलांटी, ‘थ’ अशी खिचडी होऊन मधे ठिपक्यांचं वर्तुळ दिसू लागतं. रफाराचं उलटं. ‘मूर्ती’त तो दिसतो शेवटी, पण साठवायचा ‘त’च्या आधी, म्हणजे वेलांटीला ओलांडून मागे न्यायचा. तो नेला नाही की ‘मूतीर्’ होतं, ‘वर्षे’चं ‘वषेर्’ आणि ‘गर्दी’चं ‘गदीर्’. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी मजकुरात हे शब्द आजही सापडतात. ते टाइप करणाऱ्याचं अज्ञान नसतं, घाईने केलेल्या रूपांतराची ती खूण असते. म्हणून कुठलाही कन्व्हर्टर वापरण्याआधी त्याला स्थिती, मूर्ती, वर्षे, धर्मांतर, शक्तीनिशी एवढे पाच शब्द खायला घालून बघावेत.

हे पार पडलं तरी दोन जागा राहतात, आणि त्या कन्व्हर्टरच्याही नाहीत, आपल्या रोजच्या लिहिण्याच्या आहेत. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच देतात. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ दिसायला सारखेच, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असं नाही. तसाच ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ यांतला अर्धा र. तो ‘ऱ’चा पाय मोडूनही लिहिता येतो (इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी), आणि साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. फाइल पूर्ण झाली की कंट्रोल आणि एच दाबायचं. वरच्या चौकटीत मजकुरातलाच जुना ‘र्‍’ कॉपी करून चिकटवायचा, खालच्या चौकटीत ‘ऱ्’, आणि ‘सगळे बदला’. मग ‘अॅ’साठी पुन्हा एकदा. बदललेल्या जागांचा आकडा समोर येतो. तीनशे पानांच्या कुलवृत्तान्तात तो हजाराच्या पुढे गेला तरी दचकायचं कारण नाही. ओडीटीची (लिबरऑफिसच्या स्वतःच्या साच्यातली) एक प्रत, पीडीएफची एक, आणि जुनी मूळ फाइल तिच्या फॉन्टसकट, असं तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याला वर्षाचं नाव द्यायचं.